वरच्या गावाची खबर

हिमालयातील नदीखोऱ्यात बातमीच्या दोन वाटा असतात. एक खालून वर जाते: रस्ता कुठे बंद आहे, रेशन कधी येणार, शाळेत नवे गुरुजी रुजू झाले का, सैन्यभरती कोणत्या तारखेला आहे, राजम्याला मंडईत काय भाव मिळाला. दुसरी वरून खाली येते: गाडाचे म्हणजे ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, डोंगरधारेवरची जमीन भेगाळली, दरडीने नदी अडवली. पहिल्या बातमीवर घरचा रोजचा व्यवहार चालतो. दुसरीवर खालच्या गावांचे प्राण अवलंबून असतात. उत्तराखंडातील अलकनंदा, मंदाकिनी, भागीरथी, हेंवल आणि शरयू यांच्या खोऱ्यांत गेल्या दीडशे वर्षांत या दोन्ही बातम्या कशा फिरल्या, कोणी फिरवल्या आणि कुठे अडल्या, हे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे समोर येते. खालून वर जाणाऱ्या खबरीसाठी सरकार, बाजार आणि यात्रा यांनी वाटा बांधल्या. वरून खाली येणारी खबर मात्र बहुतेक वेळा गावकऱ्यांनी स्वतःच्या पायांवर आणि गळ्यावर वाहिली.

याचे मूळ तिथल्या भूगोलात आहे. गढवालमधील गाव उतारावर वसलेले असते. समोरच्या डोंगरावरचे गाव डोळ्यांना दिसते, तिथल्या चुलीचा धूर दिसतो, पण तिथे जायचे तर नदीपर्यंत उतरून पुन्हा चढावे लागते. मोटाररस्ता बहुधा नदीच्या काठाकाठाने जातो आणि तोच एकमेव असतो. श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामधील सिरोबगडसारख्या ठिकाणी दरड कोसळली की वरच्या खोऱ्यांचा संपर्क तुटतो. बद्री-केदारला गेलेल्या मराठी यात्रेकरूंना हा अनुभव नवा नाही. जेसीबी राडारोडा उपसत असतो, दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते आणि पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही हे पलीकडून चालत आलेला माणूसच सांगतो.

ढोल, पंचांग आणि जत्रा

छापखाना येण्याआधी खोऱ्याची वार्ता ढोलावर चालत असे. गढवालात ढोल आणि त्याच्या जोडीचा लहान दमाऊ वाजवणाऱ्यांना औजी किंवा बाजगी म्हणतात. लग्नाची वरात गावाच्या वेशीवर आली, देवाची डोली निघाली, कोणाची अंत्ययात्रा चालली आहे, या प्रत्येक प्रसंगाचा ताल वेगळा असतो आणि समोरच्या डोंगरावर शेतात वाकलेली बाई तो ऐकून प्रसंग ओळखते. या विद्येची परंपरा ‘ढोलसागर’ या नावाने सांगितली जाते. ढोल वाजवणारा समाज दलित. त्याचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने, महाराष्ट्रातल्या बलुत्यासारखा मिळे. साऱ्या गावाच्या सुखदुःखाची खबर देणाऱ्याला त्याच गावाच्या पंगतीत जागा नसे, हा अन्याय या परंपरेच्या गौरवात झाकला जाऊ नये. नवी पिढी ढोल खाली ठेवून शहराकडे गेली, त्याला हेही एक कारण आहे.

वर्षभराच्या व्यवहाराला आधार देणारी दुसरी बातमी देवळातून येते. बद्रीनाथाचे कपाट म्हणजे मंदिराचे दार कधी उघडणार हे वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरते. केदारनाथाची तारीख महाशिवरात्रीला ऊखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होते. बद्रीनाथाचे कपाट बंद होण्याचा दिवस विजयादशमीला सांगितला जातो आणि केदारनाथाचे कपाट भाऊबीजेला बंद होते. खोऱ्यातील घोडेवाले, डोलीवाले, ढाबेवाले, लॉजचे मालक आणि फुले-प्रसाद विकणाऱ्या बाया या तारखांवर आपले सहा महिने बेततात. कर्ज कधी काढायचे, खेचर कधी विकत घ्यायचे, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात धरायचे, हे त्या घोषणेनंतर ठरते.

बातमी उशिरा पोहोचण्याची आठवणही या मुलखाने सणात जपून ठेवली आहे. दिवाळीनंतर अकराव्या दिवशी, कार्तिक शुद्ध एकादशीला गढवालात इगास साजरी होते. पेटवलेल्या लाकडांच्या जुडग्या दोरीला बांधून फिरवतात. त्या खेळाला भैलो म्हणतात. राम अयोध्येला परतल्याची वार्ता डोंगरात अकरा दिवस उशिरा आली, म्हणून ही दिवाळी उशिरा, अशी एक कथा सांगतात. दुसऱ्या कथेत सेनापती माधोसिंह भंडारी यांची तिबेटकडे गेलेली फौज दिवाळीनंतर सुखरूप परतली, तेव्हा घरोघरी दिवे लागले. पश्चिमेकडील काही भागांत तर दिवाळी महिनाभराने येते.

जत्रा हे बातम्यांच्या देवघेवीचे तिसरे ठिकाण. शरयू आणि गोमती यांच्या संगमावर बागेश्वरला मकरसंक्रांतीच्या सुमारास उत्तरायणीची जत्रा भरते. १४ जानेवारी १९२१ रोजी याच जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली हजारो गावकऱ्यांनी ‘कुली बेगार’ न देण्याची शपथ घेतली. साहेबांचे सामान फुकट वाहण्यासाठी कोणाची पाळी आहे याची नोंद गावप्रमुखाच्या वह्यांत असे. त्या वह्या शरयूत बुडवण्यात आल्या. जत्रेतून घरी परतलेल्या माणसांनी ही बातमी आपापल्या खोऱ्यात नेली आणि सरकारला ती प्रथा मागे घ्यावी लागली.

गौना: वेळेवर पोहोचलेली खबर

वरून खाली येणारी खबर पद्धतशीरपणे पोहोचवली तर काय साधते, याचे सर्वांत मोठे उदाहरण १८९४ मधले आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये चमोलीजवळ बिरही गंगेच्या खोऱ्यात गौना गावापाशी डोंगराचा कडा कोसळला. सुमारे ९०० फूट उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला आणि त्यामागे पाणी साठू लागले. पाहणीला आलेल्या कर्नल पुलफोर्ड या अभियंत्याने ताडले की आता बांध फुटणार नाही. तलाव भरून पाणी वरून वाहू लागेल तेव्हाच धोका उभा राहील आणि ती वेळ पुढच्या पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये येईल.

हातात जवळजवळ वर्ष होते आणि ते वाया गेले नाही. गौन्याला निरीक्षणासाठी अधिकारी नेमला. तिथून थेट हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली. पूर कुठवर चढेल याचा अंदाज घेऊन नदीकाठच्या उतारांवर ठिकठिकाणी दगडी खांब उभारले, म्हणजे लोकांनी त्या खुणेच्या वर जावे. झुलते पूल आधीच सोडवून ठेवले. श्रीनगरसारख्या काठावरच्या गावांनी माणसे, जनावरे आणि सामान वर हलवले.

२५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी बांधावरून वाहू लागले आणि त्याच रात्री बांधाचा मोठा भाग फुटला. तारा खटखटल्या. काही तासांत लोंढ्याने श्रीनगरचे जुने गाव धुऊन नेले. दुसऱ्या दिवशी तो हरिद्वारला पोहोचला. इतक्या मोठ्या विध्वंसात मृत्यू झाले ते पाच: सुरक्षित जागी हलवल्यावर पुन्हा नदीकाठी परतलेला एक फकीर आणि त्याचे कुटुंब. रेडिओ नव्हता, टेलिफोन नव्हता, वरच्या खोऱ्यात मोटाररस्ता नव्हता. वर पाहणारा माणूस होता, त्याचा शब्द खाली नेणारी तार होती आणि तो शब्द ऐकून काय करायचे हे खालच्या गावांना आधीच समजावलेले होते.

उरलेला लहान तलाव गौना ताल म्हणून पुढे ७६ वर्षे टिकला. २० जुलै १९७० च्या अतिवृष्टीत अलकनंदेला महापूर आला, तेव्हा तोही गाळाने भरून फुटला. या पुरात बेलाकुची ही रस्त्याकाठची वस्ती वाहून गेली आणि यात्रेच्या बसही गेल्या. १८९४ सारखी तयारी या वेळी नव्हती.

छापील पान

कुमाऊंमधील हिंदी वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. १८७१ मध्ये अल्मोड्याला ‘अल्मोडा अखबार’ सुरू झाले. बद्रीदत्त पांडे संपादक झाल्यावर त्याची भाषा धारदार झाली आणि १९१८ मध्ये सरकारी दडपणामुळे ते बंद पडले. त्याच वर्षी दसऱ्याला पांडे यांनी ‘शक्ती’ साप्ताहिक काढले. बेगारीविरुद्धच्या लढ्याची भूमिका याच पानांवर तयार झाली.

गढवालसाठी डेहराडूनहून १९०५ पासून ‘गढवाली’ निघू लागले. त्याचे संपादक विश्वंभरदत्त चंदोला यांचे नाव स्थानिक पत्रकारितेत एका कसोटीमुळे कायमचे नोंदले गेले आहे. ३० मे १९३० रोजी टिहरी संस्थानातील रवांई भागात, यमुनेच्या काठी तिलाडी येथे, जंगलावरील हक्कांसाठी जमलेल्या गावकऱ्यांवर संस्थानच्या फौजेने गोळीबार केला. संस्थानात छापखान्याला स्वातंत्र्य नव्हते. डोंगराआडची ही बातमी बाहेर आणली ती ‘गढवाली’ने. संस्थानाच्या दिवाणाने खटला भरला. वार्ताहराचे नाव सांगण्यास चंदोला यांनी नकार दिला आणि एक वर्षाचा तुरुंगवास पत्करला. ज्या मुलखात प्रत्येक माणूस दुसऱ्याला ओळखतो, तिथे नाव फुटले असते तर वार्ताहराच्या घराचे काय झाले असते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी डेहराडूनहून ‘युगवाणी’ सुरू झाले. टिहरी संस्थान अजून भारतात विलीन व्हायचे होते. संस्थानच्या तुरुंगात ८४ दिवसांच्या उपोषणानंतर श्रीदेव सुमन यांनी १९४४ मध्ये प्राण सोडले होते. संस्थानातील प्रजामंडळाच्या लढ्याला ‘युगवाणी’ने आवाज दिला. पुढे १५ ऑगस्ट १९७७ ला राजीवलोचन साह यांनी ‘नैनीताल समाचार’ हे पाक्षिक सुरू केले. १९९४ मध्ये वेगळ्या राज्याचे आंदोलन पेटले, तेव्हा पाक्षिकाचा वेग पुरेना. मग या मंडळींनी नैनीतालमध्ये दर संध्याकाळी लोकांसमोर उभे राहून बातमीपत्र वाचायला सुरुवात केली आणि गिरीश तिवारी ‘गिर्दा’ यांची गाणी त्याला जोडली.

या पत्रांचा खप थोडा होता आणि वर्गणीदार विखुरलेले होते. अनेक अंक टपालाने दिल्ली, लखनौ, मुंबईला नोकरी करणाऱ्या माणसांकडे जात. घरची मनीऑर्डर वर जाई आणि घरच्या मुलखाची बातमी खाली येई. डोंगरातील प्रश्नांना आकार देणारा वाचकवर्ग असा गावात आणि गावाबाहेर मिळून घडला.

रैणीची मुलगी

चिपको आंदोलनाचा इतिहास झाडांना मिठी मारणाऱ्या स्त्रियांच्या चित्राने ओळखला जातो. त्या चित्रामागे वेळेवर मिळालेली एक खबर आहे. धौली गंगेच्या खोऱ्यातील रैणी गावाजवळच्या जंगलाचा लिलाव झाला होता. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुष चमोलीला गेले होते. १९६२ च्या युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची भरपाई त्या दिवशी मिळणार होती. आंदोलनाचे नेते चंडीप्रसाद भट्ट गोपेश्वरला वनाधिकाऱ्यांशी बोलण्यात अडकले होते. हीच वेळ साधून ठेकेदाराची माणसे गाव टाळून, नदीकडच्या वाटेने जंगलाकडे निघाली.

एका लहान मुलीने त्यांना पाहिले आणि ती धावत महिला मंगल दलाच्या प्रमुख गौरादेवींकडे गेली. गौरादेवी हातातले काम टाकून निघाल्या आणि सत्तावीस बायका-मुली जंगलात पोहोचल्या. कुऱ्हाडी परत फिरल्या. रात्रभर बायकांनी वाट अडवून ठेवली. तोवर बातमी जोशीमठ, गोपेश्वरपर्यंत गेली आणि पुढे लखनौला. सरकारने तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्या अहवालानंतर अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात दहा वर्षे वृक्षतोड थांबली. आंदोलनामागची दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था १९७० च्या पुरानंतर गावोगाव मदत घेऊन फिरली होती. उजाड झालेले उतार आणि पूर यांचा संबंध तिने त्या पायपिटीतून जाणला होता. वरची खबर खाली कशी न्यायची, हे तिच्या कार्यकर्त्यांना तेव्हापासून कळत होते.

आकाशवाणी ते सामुदायिक रेडिओ

१९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेवरच्या लोकांसाठी लखनौ आकाशवाणीवर ‘उत्तरायण’ हा कार्यक्रम सुरू झाला. गढवाली आणि कुमाऊंनी बोली रेडिओवर ऐकू येऊ लागल्या. पुढे नजीबाबाद आणि अल्मोडा केंद्रांनी हे काम वाढवले. तरीही लखनौ किंवा नजीबाबादच्या स्टुडिओतून एखाद्या गाडावरची पुलिया वाहून गेल्याचे कळणे शक्य नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना नोव्हेंबर २००६ पासून सामुदायिक रेडिओचा परवाना मागता येऊ लागला. उत्तराखंडातील तरुण परवान्यासाठी थांबले नव्हते. टिहरी जिल्ह्यातील चंबा येथे ‘हेंवलवाणी’ आणि रुद्रप्रयाग जिल्ह्यातील भणज येथे ‘मंदाकिनी की आवाज’ हे गट त्याआधीच उभे राहिले होते. गावात जायचे, लोकांना बोलते करायचे, ते कॅसेटवर मुद्रित करायचे आणि दुसऱ्या गावच्या चौकात ऐकवायचे, अशी त्यांची सुरुवात झाली. मुक्तेश्वर भागात ‘कुमाऊं वाणी’चे प्रसारण मार्च २०१० मध्ये सुरू झाले. ‘मंदाकिनी की आवाज’ला लहरी मिळायला २०१४ उजाडले, म्हणजे केदारनाथच्या २०१३ च्या प्रलयानंतर एक वर्ष.

अशा केंद्राचा पसारा लहान असतो: एक-दोन खोल्या, भिंतींना आवाज शोषणारे आच्छादन, मिश्रण-यंत्र, संगणक, वीज गेली तर बॅटरी आणि बाहेर जास्तीत जास्त तीस मीटरचा मनोरा. प्रक्षेपणाची ताकद नियमाने शंभर वॅटपर्यंत मर्यादित आहे. सपाटीवर ती पुरते. डोंगरात मात्र धार आडवी आली की पलीकडच्या गावात खरखर ऐकू येते. कार्यक्रमांत हवामान, बसच्या वेळा, लसीकरणाचा दिवस, नोकरीची जाहिरात, मंडुवा म्हणजे नाचणीचे बियाणे कसे राखावे याबद्दल एखाद्या आजीचे बोलणे, लग्नातली मांगल-गीते असे सारे असते. निवेदक गावातलेच असतात. चुकले तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्यांना जाब विचारला जातो.

नियमांची अडचण मात्र मोठी आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी प्रसारित करता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात. हवामान, वाहतूक, पाणी-वीज, आरोग्य आणि नैसर्गिक आपत्ती यांची माहिती ‘बातमी’त धरली जात नाही, एवढी सवलत आहे. त्यामुळे दरड कोसळली हे सांगता येते. ती तिथेच वारंवार का कोसळते, वर सुरुंग कोण लावते, हा प्रश्न विचारताना केंद्राला परवान्याचा विचार करावा लागतो. खोऱ्याला नेमके हेच बोलणे हवे असते. हा निर्बंध उठला पाहिजे.

न ऐकलेली खबर

१६ आणि १७ जून २०१३ रोजी अतिवृष्टी झाली, केदारनाथच्या वरचा चोराबाडी तलाव फुटला आणि मंदाकिनीने रामबाडा, गौरीकुंड, सोनप्रयागचा काठ नेला. चार हजारांहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. वर काय घडले हे बाहेर कळायलाच वेळ लागला, कारण मोबाइलचे मनोरे, रस्ते आणि पूल एकाच वेळी गेले होते.

७ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी रौंती शिखराचा कडा बर्फासह सुटला. सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर दगड आणि बर्फ खाली आला, ऋषिगंगा आणि तपोवन-विष्णुगाड हे जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले. हे घडले त्याच रैणीजवळ. ऋषिगंगा प्रकल्पाच्या सुरुंगांविरुद्ध रैणीचे गावकरी २०१९ मध्येच उच्च न्यायालयात गेले होते. त्या सकाळी धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. वरच्या उतारावरील लोकांनी ओरडून, शिट्ट्या मारून खालच्यांना सावध केले. एका आईने तपोवनला काम करणाऱ्या मुलाला फोनवर फोन लावून पळायला सांगितले आणि त्याच्याबरोबर आणखी कामगारही वाचले. काही दिवसांनी ऋषिगंगेवर नवा तलाव साचल्याचे गढवाल विद्यापीठाच्या एका भूवैज्ञानिकाने पायी वर जाऊन दाखवले. त्यानंतर तिथे पाण्याची पातळी पाहणारी आणि भोंगा वाजवणारी यंत्रणा बसली.

जोशीमठची कहाणी याहून संथ आहे. हे शहर जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे आणि इथे मोठी बांधकामे करू नयेत, असे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. भिंतींना भेगा पडत असल्याचे रहिवासी २०२१ पासून सांगत होते. त्यांची संघर्ष समिती निवेदने देत होती. २०२३ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भेगा रुंदावल्या, घरे सोडावी लागली, तेव्हा देशभरच्या वाहिन्या आल्या. त्याच महिन्यात, बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचा उपग्रह-अहवाल संकेतस्थळावरून काढला गेला आणि सरकारी संस्थांना माध्यमांशी न बोलण्याची सूचना मिळाली. ज्यांच्या पायाखालची जमीन सरकत होती त्यांनाच तिची मोजणी कळू न देणे, हे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धरालीत खीरगाडाचा लोंढा बाजारपेठेवर आला, तेव्हाही समोरच्या उतारावरील मुखबा गावचे लोक शिट्ट्या मारत, ओरडत होते.

मोबाइल आणि ओस गावे

आज प्रत्येक गावाचा व्हॉट्सॲप गट आहे. बंद रस्त्यांची यादी, बिबट्या दिसल्याची सूचना, बारशाचे आमंत्रण, मृत्यूची वार्ता आणि कीर्तनाची चित्रफीत एकाच ठिकाणी येते. गटातले निम्मे सदस्य दिल्ली, डेहराडून, मुंबईत असतात. नवी मुंबईत भरणाऱ्या ‘कौथिग’ मेळ्याची तयारीही अशाच गटांतून होते. या माध्यमाचा वेग मोठा आहे आणि तपासणी कमी. २०२१ च्या आपत्तीत २०१३ च्या चित्रफिती नव्या म्हणून फिरल्या आणि सरकारला अफवा न पसरवण्याचे आवाहन करावे लागले. रेडिओचा निवेदक किंवा छोट्या पत्राचा संपादक आपल्या नावाने बोलतो; पुढे ढकललेल्या निरोपाला धनी नसतो.

याहून गंभीर बाब स्थलांतराची आहे. राज्याच्या पलायन आयोगाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०११ नंतर ७३४ गावे पूर्ण ओस पडली. ओस गावात गाडाचे पाणी गढूळ झाल्याचे पाहणारे कोणी नसते. मुक्तेश्वर आणि सुरकंडादेवी येथे डॉप्लर रडार बसले आहेत, नदीवर संवेदक लागत आहेत; त्यांची गरज आहेच. पण उंचावरील एखाद्या लहान नाल्यात काय बदलले, हे चाऱ्याला जाणारी बाई आणि मेंढपाळ यंत्राच्या आधी पाहतात.

म्हणून खोऱ्याच्या बातमीव्यवस्थेत तीन गोष्टी एकत्र हव्यात. वरच्या गावात राहणारी आणि तिथे राहणे परवडणारी माणसे, त्यांचा शब्द तत्काळ खाली नेणारे त्यांच्याच भाषेतले माध्यम, आणि तो शब्द नोंदवून उत्तर देण्यास बांधील असलेले जिल्हा प्रशासन. गौना येथे या तिन्ही गोष्टी होत्या, म्हणून अख्खे श्रीनगर वाहून गेले तरी श्रीनगरची माणसे वाचली. रैणी आणि जोशीमठ येथे पहिली होती, दुसरी तुटपुंजी होती आणि तिसरी नव्हती. ही तिसरी उणीव भरून काढण्यासाठी नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागत नाही. वरच्या गावाने केलेल्या तक्रारीची तारीख आणि तिच्यावर झालेली कारवाई लोकांसमोर ठेवण्याचा नियम केला, तरी सुरुवात होते.